पावणेदोन वर्षांच्या पोरीला घेऊन भंडारदऱ्याला तंबूत राहायचंय, कोणी केलंय का?

रेवाची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर सांभाळून घ्या.

तर झालंय असं की आमच्याकडे नवऱ्याच्या डोक्यात कॅम्पिंग शिरलंय. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यानंतरचा शनिवार-रविवार, आम्ही दोघं, लेक (तेव्हा पावणेदोन वर्षांची होईल) आणि सासूबाई. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे पण "मला ठेवून जाताय की काय" म्हणाल्या त्यामुळे त्या येणारच. ठाण्याहून निघणार, गाडी आपली. पवना की भंडारदरा यावर घरात दोन तट पडलेत, माझं मत भंडारदऱ्याला आहे कारण लग्नाआधी एकदा गेले होते आणि ते पाणी अजून डोळ्यासमोर आहे.

पण खरं सांगू तर मला धास्ती वाटतेय. एक तर थंडी. दुसरं म्हणजे ही बाई (लेक) जमिनीवरचं जे दिसेल ते तोंडात घालते, दगड, माती, एकदा चप्पल. तिसरं, रात्री दोनदा तरी उठते आणि उठली की सगळ्या सोसायटीला कळतं, मग शेजारच्या तंबूतल्या लोकांनी काय करायचं? आणि कसारा घाटात तिला उलटी होते हे ठरलेलं. कोणी एवढ्या लहान मुलाला घेऊन गेलं असेल तर काय न्यावं, काय टाळावं, आणि मुळात जावं का, हे सगळंच सांगा. टीका पण चालेल.

घाटवाटा_आणि_बाबा

जावं. माझी दोन्ही पोरं दोन वर्षांची व्हायच्या आत तंबूत झोपून आलीयत, थोरला भंडारदऱ्याला आणि धाकटी जुन्नरकडे.

पवना शनिवारी नको म्हणजे नकोच. माझा अनुभव विचाराल तर रात्री १२ पर्यंत स्पीकर, आणि आपली पोरगी रडली तर कोणाला ऐकूही जाणार नाही, हा एक फायदा सोडला तर दुसरा नाही.

थंडीबद्दल एक सांगतो कारण मी यात गाढवपणा केलेला आहे. थोरल्याला आम्ही चार थर घातले, वरून दोन ब्लँकेटं, कानटोपी, आणि खाली काय तर तंबूवाल्याची ती पातळ चटई. रात्री एक वाजता पोरगा घामाने भिजलेला, कपडे ओले, आणि ओल्या कपड्यांत दहा मिनिटांत गार पडला, मग अंधारात टॉर्च तोंडात धरून सगळं बदललं. जमीन अंगातली ऊब ओढून घेते, त्यामुळे वरच्यापेक्षा खालचं महत्त्वाचं. फोमची मॅट, त्यावर सतरंजी, त्यावर घरची जाड गोधडी. अंगात आतून सुती बनियन, मग फुल बाह्यांचं काहीतरी, मग स्वेटर, बास. आणि गरम होतंय की गार हे हाताला हात लावून बघू नका, लहान मुलांचे हात गारच असतात, मानेच्या मागे बोटं घालून बघा.

तंबू पाण्याच्या अगदी काठावरचा मागू नका, फोटो भारी येतो पण थंड हवा सगळी खाली तिथेच साचते आणि दवाने सकाळी तंबू पिळून काढता येतो. थोडा वरचा, झाडाजवळचा घ्या. पोरगी चालती आहे म्हटल्यावर पाण्यापासून लांब हे तसंही बरंच. आणि तंबूची वरची जाळी थोडी उघडी ठेवा, थंडी वाजेल म्हणून सगळं गच्च बंद केलं तर आपल्याच श्वासाने आतून थेंब टपकतात.

घाटाचं म्हणाल तर आता समृद्धी आहे ना. आमणेला चढायचं, इगतपुरीला उतरायचं, मधे तो जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे, कसाऱ्याची वळणं गेली. टोल जातो पण उलटी वाचते. फक्त एक्सप्रेसवेवर मनात येईल तिथे गाडी बाजूला घेता येत नाही, म्हणून चढायच्या आधी डायपर बदलून घ्या. घोटीपासून पुढे तासभर रस्ता, बारीच्या आसपास वळणं आहेतच, तिथे पोट रिकामं असलेलं बरं.

उजेडात पोचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. जानेवारीत सव्वासहाला सूर्य गेला की झालं, पोरीला ती जागा उजेडात दोन-तीन तास पाहू दे, मग अंधाराला घाबरत नाहीत.

छकुलीची_मावशी

मी उलटं सांगणारेय, राग नको.

एवढ्या लहान लेकराला त्यातलं काय कळणार आहे? हौस आपली असते. माझ्या बहिणीबरोबर आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो (जागेचं आणि माणसाचं नाव घेत नाही), भाचा दीड वर्षाचा. थंडी खूप होती म्हणून तिथल्या माणसाने चांगल्या मनानेच एका घमेल्यात निखारे घालून तंबूत आणून ठेवले आणि चेन लावून गेला. आम्हालाही उबदार वाटलं. तासाभरात बहिणीचं डोकं ठणकायला लागलं, मळमळ, मला वाटलं जेवण बाधलं. नशीब की भाचा रडला आणि त्याला बाहेर न्यायला म्हणून चेन उघडली, बाहेर आल्यावर दहा मिनिटांत तिला बरं वाटायला लागलं तेव्हा आमची ट्यूब पेटली. त्या धुराला, म्हणजे धूर पण नव्हता, नुसते लाल निखारे, त्याला वास येत नाही. कार्बन मोनॉक्साइड. मोठ्यांचं डोकं तरी दुखतं, लेकरू नुसतं झोपलेलं वाटलं असतं.

तेव्हा जायचंच असेल तर तंबूत शेगडी, निखारे, गॅस, कासवछाप काहीही पेटतं नको. कोणी कितीही आग्रह केला तरी.

घाटवाटा_आणि_बाबा

मावशी हे फार बरं केलंत सांगून, बापरे. शेकोटी बाहेर, आणि झोपताना पाणी ओतून विझवायची, सकाळी पोरं त्या राखेत हात घालतात आणि आत निखारा जिवंत असतो.

हौस आपली असते हे मात्र मान्य, पण मग बारशालाही पोराला काय कळतं :)

शेंडीचा_भाऊ

ताई मी इथलाच, शेंडीचा. जाहिरात करत नाही, माझे तंबू नाहीत, चुलत्याचे आहेत पण ते जाऊद्या.

जानेवारीत धरणाला पाणी भरपूर असतं, काठ कुठे उताराचा कुठे एकदम खोल, वरून कळत नाही, आणि गाळावर पाय सटकतो. आमची पोरं पण काठावर एकटी सोडत नाही आम्ही. पोरगीच्या पायात चाळ बांधून आणा, खरंच सांगतो, आमच्या आज्या बांधायच्या, अंधारात कुठं गेली ते कळतं.

बिबट्या आमच्या अकोले तालुक्यात आहे, घाबरायचं कारण नाही पण दिवस मावळल्यावर लेकरू हाताशी पाहिजे, एकटं लघवीला वगैरे कोणी लांब जायचं नाही. विंचूकाट्याचं म्हणाल तर तंबूची चेन कायम बंद, दोन मिनिटं आत-बाहेर करायचं असलं तरी बंद, आणि बाहेर ठेवलेले बूट आपटून मगच पायात. काही चावलं तर बांधाबांध, चिरा देणं, मांत्रिक असलं काही करू नका, १०८ ला फोन आणि गाडी काढायची. रेंज प्रत्येक कंपनीची प्रत्येक ठिकाणी नसते म्हणून आल्या आल्या बघून ठेवा कुठे उभं राहिलं की लागते. गाडीचं तोंड रस्त्याकडे करून लावा.

आजींसाठी शेंडीत खोली घ्या. एमटीडीसीचं पण आहे, बाकीच्या पण आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तंबूतून उठताना फार त्रास होतो, आणि रात्री पोरगी ऐकलीच नाही तर तिला घेऊन तुम्ही पण खोलीत जाऊ शकता. तेवढे पैसे जास्त जातील पण सुखाने झोपाल.

जेवणाचं आधी फोनवर सांगा की लेकरासाठी वरण फोडणीच्या आधी बाजूला काढा. नाहीतर इथलं पिठलं लय झणझणीत, मोठी माणसं पाणी मागतात.

बघायला फार धावू नका. कळसूबाई १६४६ मीटर, ती परत कधीतरी, रतनगड पण परत कधीतरी. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ करा, गाडी पार जवळ जाते, कोरीव काम बघत आजी पण बसतील. विल्सन धरण १९२६ सालचं, इंग्रजांच्या काळातलं, लांबून बघायला छान. सांदण दरीत लेकराला घेऊन उतरू नका, खांद्यावरच्या बॅगेत पण नको, पायाखाली नुसते दगडधोंडे. हा सगळा भाग अभयारण्यात येतो, नाक्यावर वनखात्याची पावती फाडावी लागते, सुट्टे ठेवा.

आणि कोणी काजव्यांच्या टायमाला, मे-जूनला, या म्हणालं तर शनिवारी लेकराला घेऊन येऊ नका, गाड्यांच्या रांगेत रात्र जाते आणि काजवे हेडलाइटनी दिसत नाहीत.

सॅन_होजेची_सून

इकडून दोनच गोष्टी. आम्ही मुलगा वीस महिन्यांचा असताना योसेमिटीला गेलो होतो, तिथे अस्वलांमुळे खाणंच काय पण वाइप्स, डायपर क्रीम, वास येणारं सगळं लोखंडी पेटीत बंद करून ठेवावं लागतं. तुमच्याकडे अस्वल नाही पण माकडं, कुत्री आणि मुंग्या आहेत, तेव्हा राजगिऱ्याचा लाडू तंबूत नको, गाडीत.

दुसरं, आठवडाभर आधी घरातच हॉलमध्ये तंबू उभा करा. दुपारची झोप त्यात. आम्ही नाही केलं आणि पोरगा रात्री ९ ला तंबूत बसून "घली" "घली" करत दीड तास रडला.

छकुलीची_मावशी

आणि तापाचं औषध घरचंच न्या, डोस वजनावर असतो, डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या म्हणजे रात्री भांडण नको. ओआरएस. मऊ भातासाठी मेतकूट. जाताय तर नीट जा बाई.

रेवाची_आई

आलो जाऊन! सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, उशिरा लिहितेय कारण धुणं संपत नव्हतं.

समृद्धीने गेलो, उलटी झाली नाही. म्हणजे घाटात झाली नाही, घोटीच्या पुढे सपाट रस्त्यावर झाली, नवऱ्याच्या नव्या जॅकेटवर. दीडला पोचलो. पोरीने पहिला तास फक्त एक काठी आणि एक डबकं एवढ्यावर काढला, धरण बिरण तिला काही नाही. चाळ बांधले होते, शेंडीच्या भाऊंचे विशेष आभार, सासूबाईंनी तर ते वाचून लगेच कपाटातून काढलेच, माझ्या नवऱ्याचे लहानपणीचे.

खोली घेतली होती सासूबाईंसाठी. जेवण झाल्यावर सासूबाई शेकोटीजवळ बसल्या त्या उठायलाच तयार नाहीत, कॅम्पच्या स्वयंपाकीण मावशींशी नाचणीच्या भाकरीवरून गप्पा, शेवटी दहाला खोलीवर सोडलं. लेक साडेसातला मेतकूट-भात खाऊन तंबूत झोपली, मी आणि नवरा एकमेकांकडे बघत बसलो की आता काय करायचं, इतका वेळ मोकळा मिळायची सवयच नाहीये.

पहाटे तीनला उठली. रडली, पण शेजारच्या तंबूतून कोणीतरी आधीच घोरत होतं त्यामुळे लाज वाटली नाही. मानेला हात लावून बघितलं, उबदार होती. शाल गुंडाळून बाहेर घेऊन आले तर रडायची थांबली आणि वर बघायला लागली. चांदण्या तिने अशा कधी पाहिल्या नव्हत्या, ठाण्यात कुठून दिसणार, "दिवा" म्हणाली. एक एक करून सगळ्यांना दिवा म्हणाली. माझे पाय गारठले होते तरी आत जावंसं वाटेना.

आमच्या कॅम्पवाल्याने पण निखाऱ्यांबद्दल विचारलं, "मॅडम आत ठेवू का घमेलं?" मी अशी ओरडले की बिचारा दचकला. मग समजावून सांगितलं त्याला. त्याला खरंच माहीत नव्हतं, मावशी, तुमची गोष्ट तिथे अजून दोन जणांना सांगून आलेय.

चुका: टॉर्च एकच नेला, तो पोरीने ताब्यात घेतला. वाइप्स पहाटे बर्फासारखे गार, त्याने पुसल्यावर जी किंकाळी आली ती कळसूबाईला ऐकू गेली असेल, पुढच्या वेळी गरम पाण्याचा थर्मास आणि कापूस. दगड एकच खाल्ला, छोटा, बोटाने काढला.

तंबू अजून हॉलमध्ये उभा आहे, काढला की रडते, आणि दुपारी सासूबाई गुडघ्यांसकट तिच्याबरोबर त्यातच झोपतात. शेंडीचे भाऊ, काठाजवळच्या जांभळाखाली एक पिवळा मोजा राहिलाय, दिसला तर असू द्या.

शेंडीचा_भाऊ

दिसला ताई. चुलत्याच्या कुत्र्याकडे आहे.