सॅम्पल रिजेक्ट झालेलं वॉर्डाला कळतच नाही, तुमच्याकडं काय पद्धत आहे?

परभणी जिल्ह्यातल्या एका खासगी दवाखान्यात मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. चार महिने झाले, तपासण्यांचे फॉर्म बंद. डॉक्टर कॉम्प्युटरवर ऑर्डर टाकतात, आम्ही स्टिकर काढून बल्बला (रक्ताच्या नळीला) चिकटवतो, मामा (वॉर्डबॉय) खाली लॅबला नेऊन देतात. लिहिण्याचा ताप गेला, खोटं कशाला बोलू.

पण परवाच्या नाईटला जुलाब होऊन आलेले एक आजोबा होते, किडनी आधीच अधू. ११.४५ ला पोटॅशियम पाठवलं. स्क्रीनवर 'प्रलंबित'. २ वाजता बघितलं, प्रलंबितच. मशीन बंद असेल म्हणून गप्प बसले. ४.३० ला डॉक्टर ओरडले तेव्हा फोन लावला, तर टेक्निशियन दादा म्हणतात, "सिस्टर, ते साडेबारालाच रिजेक्ट केलंय, हिमोलाइज्ड होतं. टाकलंय की सिस्टीमला!" त्यांच्याकडं लाल अक्षरात दिसतंय, आमच्याकडं काहीच नाही.

पूर्वी मामा फॉर्मच परत आणायचे, त्यावर लाल पेनानं 'क्लॉटेड (रक्त गोठलंय), परत पाठवा'. आता मामा रिकाम्या हातानं वर येतात.

आमचंही चुकतंच. सरसकट सगळ्या ऑर्डरला 'तातडीचे' लावतो, मग खरी घाई कोणती हे त्यांना कसं कळावं?

तुमच्याकडं रिजेक्ट झालं की कोण कोणाला सांगतं? सॉफ्टवेअरवाले म्हणतात काय हवं ते लेखी द्या. काय लिहू?

प्रतिसाद (लातूर, लॅब):
ताई, लेखी एवढंच द्या: कारण आणि 'वॉर्डात कोणाला, किती वाजता सांगितलं' हे भरल्याशिवाय रिजेक्टचं बटण दाबलंच जाऊ नये, आणि वॉर्डाच्या स्क्रीनवर 'प्रलंबित' जाऊन 'नवीन सॅम्पल पाठवा' यावं. आयएसओ १५१८९ (मेडिकल लॅबसाठीचं गुणवत्तेचं मानक) प्रमाणं धोक्याच्या रिपोर्टची अशी नोंद ठेवावीच लागते, तीच सवय इथं लावायची. तोवर फोन.
हिमोलाइज्डमध्ये लाल पेशी फुटून पोटॅशियम बाहेर येतं, आकडा खोटाच वाढलेला दिसतो. म्हणून आम्ही सोडत नाही. सिरिंजनं रक्त काढलं तर सुईतून बल्बमध्ये जोरात ढकलू नका.

धागाकर्ती:
धन्यवाद दादा. लॅबचा नंबर आजच फोनवर चिकटवला, अर्जही लिहायला घेतला. सिरिंजचं मात्र खरंय. त्या रात्री मीच ढकललं होतं.