रोबॉटने केलेल्या कराराची जबाबदारी कोणाची?

सह्यकडा: इथेरियमसारख्या ब्लॉकचेन जाळ्यावर (म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेल्या, मागाहून सहज न बदलता येणाऱ्या नोंदवहीवर) रोबॉटला स्वतःचे खाते देता येते, रोबॉटकडून मोबदल्यावर काम करून घेण्याच्या रोबोनॉमिक्स या प्रकल्पात तर कामाची मागणी आणि ते करण्याचा देकार जुळले की करार आपोआप नोंदला जातो. मग असा रोबॉट भारतीय कायद्याने करारातला पक्ष ठरेल का?

वकिली_चष्मा: नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ११ सज्ञान, स्वस्थचित्त व्यक्तीलाच करारक्षम मानते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार स्वयंचलित प्रणालीने पाठवलेला संदेश, ती ज्याने किंवा ज्याच्या वतीने प्रोग्रॅम केली गेली, त्याचाच समजला जातो. युरोपीय संसदेने २०१७ मध्ये रोबॉटला कायद्याने ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ हा दर्जा देण्याचा विचार सुचवला होता. तो कायद्यात उतरला नाही, हे बरेच झाले.

तारयंत्र: माझ्या मते खरी अडचण पुराव्याची आहे. उदाहरणार्थ, ड्रोनने शेतात केलेल्या औषधफवारणीच्या नोंदीवर त्याची डिजिटल स्वाक्षरी असली, तरी ती नोंद त्याच्याच खात्यातून आली आणि नंतर बदललेली नाही एवढेच सिद्ध होते. टाकीत औषध होते की नुसते पाणी, हे ब्लॉकचेनला कळत नाही. म्हणून मोबदला काही काळ रोखून शेतकऱ्याला आक्षेपासाठी मुदत द्यावी लागते, आणि वाद मिटवायला अखेर माणूसच लागतो.

सह्यकडा: मग त्या मुदतीत औषधाचा आणि बॅटरीचा खर्च कोणी सोसायचा, हेही करारातच लिहावे लागेल.