रानडुक्कर की रायझोबियम: जमिनीला नत्र देतं कोण?

रानवाट: सकाळी इथे कुणीतरी लिहिलं, "डुक्कर फुकटात नांगरट करतं, वर विष्ठा टाकतं, जिवाणू खताची पुडी कशाला?" असली माहिती पसरवू नका. डुकराच्या विष्ठेतला नत्र तुमच्याच मक्यातून आणि भुईमुगातून गेलेला असतो, फक्त जागा बदलते. हवेतला नत्र धरून अमोनिया करणं एकाही सस्तन प्राण्याला जमत नाही. पुडीतले रायझोबियम जिवाणू तेच भुईमूग, हरभरा, सोयाबीन अशा पिकांच्या मुळावरच्या गाठीत करतात.

शिवार: ते मीच लिहिलंय. डुक्कर पालापाचोळा मातीत कालवतं, मुळं कुरतडणारी हुमणी अळी खातं. पुडी हे करते?

रानवाट: जंगलात कालवतं, तिथपर्यंत मान्य. शेतात हुमणीमागे उकरताना आऱ्यांसकट, म्हणजे शेंगा धरणाऱ्या दांड्यांसकट, भुईमूग उपटतं. शिवाय मोकळ्या झालेल्या मातीतला नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळणारा नत्र, पावसाबरोबर खाली झिरपून जातो.

काळीमाती: डुकराचं सोडा, पुड्यांचं बोला! नियमाने पावडरीत ग्रॅमला किमान 5 कोटी जिवंत पेशी लागतात. दुकानात पत्र्याखाली तापलेल्या पुडीत काय उरणार? जिवाणू ज्यात मिसळतात ती नुसती कोळशाची भुकटी शेतकरी विकत घेतो!

गाठ: सगळं दुकानदारावर ढकलू नका. चांगली पुडीही खळ्यावर मारली जाते. थायरम हे बुरशीनाशक आणि रायझोबियम बियाण्याला लावताना एकत्र कालवतात. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, जिवाणू शेवटी. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम जिवाणू खत, चिकटवायला गुळाचं द्रावण पूर्ण थंड झालेलं. सोयाबीन चोळू नका, साल सुटतं आणि उगवण घटते. सावलीत सुकवून लगेच पेरा. हरभऱ्याची पुडी सोयाबीनला चालत नाही, दोघांचे जिवाणू वेगळे.

काळीमाती: हे पुडीवर ठळक का छापत नाहीत? तारीख उलटलेला माल खपवणाऱ्यांना तुम्ही पाठीशी घालताय.

गाठ: पाठीशी कुणालाच घालत नाही. तारीख बघूनच घ्या. फुलोऱ्यात झाड उपटू नका, गाठी मातीत राहतात. खुरप्याने खणून मुळं धुवा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवी असेल तर नाही. युरिया जास्त पडला तरी गाठी धरत नाहीत.

शिवार: नत्राचं पटलं, लिहिलेलं दुरुस्त करतो. पण हुमणीचा मुद्दा सोडणार नाही.

रानवाट: नका सोडू. पण हुमणीला मेटारायझियम बुरशी आहे, ती शेणखतातून देता येते आणि भुईमूगही जागेवर राहतो.