रोजचा इन्क्रिमेंटल बॅकअप पाच तास काहून चालते?

पऱ्हाटी (दारव्हा तालुका, यवतमाळ):
घरचा पीसी, विंडोज १०, ४ जीबी रॅम. डेटा २८० जीबी, फाइली अडीच लाखांवर. बॅकअप २ टीबीच्या अडीच इंची यूएसबी डिस्कवर, ती मागच्या काळ्या पोर्टात. शेवटच्या ७ प्रती ठेवायची सेटिंग. इन्क्रिमेंटल म्हणजे मागच्या बॅकअपनंतर बदललेलंच उतरते; रोज बदलते जेमतेम २ जीबी, तरी पाच तास. मधात लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून. पीसीत एसएसडी टाकू का?

संत्राबाग:
थांबा भाऊ, आधी वेळ कुठं जाते ते मोजा. काळा पोर्ट म्हणजे बहुतेक यूएसबी २.०. सेकंदाला ३०-३५ एमबी धरा, २ जीबी मिनिटभरात उतरते. म्हणजे कॉपीचा दोष नाही. डेटाच्या फोल्डरवर रोबोकॉपी (विंडोजचीच कॉपी करायची कमांड) चालवा, समोर एखादं रिकामं फोल्डर, मागं /ई /एल /एनएफएल /एनडीएल. /एल असलं की कॉपी होत नाही, नुसती मोजणी होते. बॅकअप प्रोग्राममध्ये तुलना चेकसमवर (अख्खी फाइल वाचून काढलेला ओळख-आकडा) ठेवली असेल तर 'आकार आणि बदलाची वेळ' करा, नाहीतर रोज अख्खे २८० जीबी वाचल्या जातात.

काळी_माती:
अँटिव्हायरस पण पाहा. बॅकअपनं फाइल उघडली की तोही ती तपासते. एक्सक्लूजनमध्ये (तपासणीतून वगळायच्या यादीत) बॅकअपची प्रोसेस टाका, डेटाचं फोल्डर नाही. अन् भारनियमनाच्या वेळेत शेड्यूल लावूच नका. बदललेल्या ब्लॉकांची (डिस्कवरच्या डेटाच्या तुकड्यांची) नोंद ठेवणारे प्रोग्राम पीसी झटक्यात बंद झाला की त्या नोंदीवर भरवसा ठेवत नाहीत, सगळं नव्यानं वाचतात.

पऱ्हाटी:
मोजणी ११ मिनिटांत झाली. चेकसम बंदच होतं. प्रोग्राम वीस मिनिटांत ९० टक्क्यांवर जाते अन् तिथंच बसते. डिस्कचा लाइट मात्र लुकलुकतच राहते.

संत्राबाग:
मग ते '७ प्रती'चंच काम हाय. आठवी आली की सर्वांत जुनी इन्क्रिमेंटल फुल बॅकअपमध्ये (सगळ्या डेटाच्या पहिल्या पूर्ण प्रतीत) मिसळतात. काही प्रोग्राम त्यासाठी फुलची फाइल नव्यानं लिहितात. त्याच डिस्कवरून २८० जीबी वाचायला जवळपास अडीच तास, तिथंच लिहायला तेवढेच. जुळले ना पाच? डिस्क एसएमआर (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणारी) असली, अन् या मापाच्या बऱ्याच असतात, तर सलग लेखनात कॅशे (डिस्कमधली तात्पुरती जागा) भरून वेग आणखी पडते.

मिसळणं बंद करा. महिन्याला एक नवं फुल, मधात नुसत्या इन्क्रिमेंटल. दोन फुल ५६० जीबी, २ टीबीत आरामात. नवं फुल व्हेरिफाय झाल्यावरच जुनी साखळी (आधीचं फुल अन् त्यावरच्या इन्क्रिमेंटल) पुसा, तीही अख्खी. मधली एक कडी काढली तर तिच्या पुढच्या सगळ्या प्रती निकामी. डिस्क निळ्या पोर्टात (बहुतेक यूएसबी ३.०, जास्त वेगाचं) लावा. एसएसडी राहू द्या सध्या.