शब्दचर्चा : सिद्ध झालेला ‘सिद्धांत’ बदलतो कसा?

प्रश्न : मुलाच्या वहीत मी ‘नवा पुरावा मिळाला की वैज्ञानिक सिद्धांत बदलतात’ असे वाक्य लिहून दिले, तेव्हा त्याने विचारले की, जो सिद्ध झाला आहे तो बदलेल कसा? मला उत्तर देता आले नाही. येथे ‘उपपत्ती’ किंवा ‘अभ्युपगम’ हा शब्द योग्य ठरेल काय?

पहिले उत्तर : शंका रास्त आहे, परंतु ‘सिद्धांत’ या शब्दाचा इतिहास पाहिला तर त्यात अढळपणा फारसा दिसत नाही. न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, सिद्धांताचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील ‘प्रतितंत्र’ म्हणजे एका शास्त्राला मान्य पण दुसऱ्याला अमान्य, आणि ‘अभ्युपगम’ म्हणजे पुढचा विचार करता यावा म्हणून न तपासताच तात्पुरते मान्य केलेले. ज्योतिषात, म्हणजे जुन्या ग्रहगणितात, तर ‘सिद्धांत’ म्हणविणारे ग्रंथ अनेक होते. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘पंचसिद्धांतिका’ लिहिताना पाच सिद्धांत एकत्र मांडले आणि त्यांची प्रतवारीही लावली: पौलिश अचूक, रोमक त्याच्या जवळपास, सौर अधिक स्पष्ट, आणि उरलेले दोन फार ढळलेले. ‘ढळलेला सिद्धांत’ हा शब्दप्रयोग त्याला मुळीच विसंगत वाटला नाही. ग्रंथातील गणित आणि आकाशातील ग्रह यांचा मेळ बसेनासा झाला की ग्रहांच्या मध्यम (सरासरी) गतीत जी दुरुस्ती करीत, तिला ‘बीजसंस्कार’ म्हणत, आणि गणित डोळ्यांना पटले की त्याला ‘दृक्प्रत्यय’ आला असे म्हणत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442 मध्ये, म्हणजे 1520 साली, ‘ग्रहलाघव’ रचताना एकाच सिद्धांताची कास धरली नाही. सूर्य सौरपक्षाचा (सूर्यसिद्धांताच्या परंपरेचा), गुरू आर्यपक्षाचा (आर्यभटाच्या परंपरेचा), असे जेथे जे जुळले तेथे ते घेतले.

दुसरे उत्तर : वरील माहिती मोलाची असली तरी बीजसंस्कार म्हणजे सिद्धांत बदलणे नव्हे, असे माझे मत आहे. आकडा जुळवून घेणे वेगळे आणि तो का चुकला हे सांगणे वेगळे. युरेनस गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल वेरिए यांनी न्यूटनचा नियम खरा धरून एका अज्ञात ग्रहाची जागा वर्तविली आणि 1846 साली तेथून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. बुधाचा उपसूर्य बिंदूही (कक्षेतील सूर्याला सर्वांत जवळची जागा) गणितापेक्षा थोडा अधिक सरकतो, हे त्यांनीच 1859 मध्ये दाखविले. हा फरक पुढे शतकाला सुमारे 43 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) असा ठरला. एक अंश भरायला आठ हजारांहून अधिक वर्षे लागावीत इतका तो बारीक आहे. पूर्वीची युक्ती पुन्हा वापरून बुधाच्या आत ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह कल्पिण्यात आला, तो दिसल्याचा बोलबालाही झाला, पण ग्रह काही हाती लागला नाही. अखेर 1915 च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या मांडणीतून, पदरचा कोणताही आकडा न घालता, त्या 43 विकला निघाल्या. अडचण एकाच जातीची असूनही एकदा ग्रह सापडला आणि एकदा सिद्धांत बदलावा लागला. तरीही ‘न्यूटन खोटा ठरला’ असे लिहू नये. वेग आणि गुरुत्वाकर्षण माफक असेल तेथे त्याचेच गणित चालते, म्हणून ‘मर्यादा कळली’ हे अधिक नेमके.

‘उपपत्ती’विषयी : एखादी रीत बरोबर का, हे दाखविणाऱ्या युक्तिवादाला जुन्या गणितात उपपत्ती म्हणत. कारण सांगणारी रचना या अर्थी हा शब्द मला ‘सिद्धांता’हून सरस वाटतो, पण शाळेच्या पुस्तकांत ‘सिद्धांत’ रुळला आहे आणि रुळलेला शब्द उखडण्यात अर्थ नाही. ‘अभ्युपगम’ मात्र त्याच्या जागी घालू नये, कारण तर्कशास्त्राच्या मराठी पुस्तकांत तो तपासणीच्या आधीच्या पायरीसाठी ठरलेला आहे. आपल्या वाक्यात ‘सिद्धांत सुधारले जातात, क्वचित सोडून द्यावे लागतात’ एवढा फेरफार पुरे. बोलताना आपण ‘माझी आपली एक थिअरी आहे’ म्हणतो, तेथे खरे तर ‘अटकळ’ म्हणायचे असते. नेपच्यून आणि व्हल्कन या दोन्ही प्रथम अटकळीच होत्या, हे मुलाला सांगून पाहावे.