मदत हवी आहे: वाडीत मानमोडीची मर सुरू आहे, उरलेल्या गावरान कोंबड्या कशा वाचवायच्या?

नमस्कार मंडळी,

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत कोंबड्यांची मर लागली आहे. आईच्या खुराड्यातल्या निम्म्या गेल्या, शेजारच्या दोन घरांत तर कोंबडाही उरला नाही.

आधी पिसं फुगवून, डोळे मिटून बसतात, दाण्याला तोंड लावत नाहीत. मग हिरवट पातळ हगवण आणि चोच उघडी ठेवून घरघर. यातून जी तग धरते तिची मान वाकडी होते. एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, आत्ता वेगळी डालग्याखाली ठेवली आहे. पाण्यासाठी वाकली की मान पाठीकडे फिरते, ती गोल गोल फिरते आणि एका पंखावर पडते. आई वाटीत बोट बुडवून तिच्या चोचीत थेंब सोडते. बघवत नाही हो.

वाडीत सगळे मानमोडी, म्हणजे राणीखेत म्हणतात. मलाही तेच वाटतं, पण खात्री कशी करायची? दवाखान्यात कळवू म्हटलं की लोक हात धरतात. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा पथकांनी कोंबड्या मारल्या, ते कुणी विसरलेलं नाही. ‘कळवलंस तर वाडीतल्या सगळ्या नेतील’ हीच भीती. म्हणून कोंबडी मलूल दिसली की एक तर ती शिजते, नाहीतर आठवडी बाजारात मिळेल त्या भावाने जाते. मर अशीच पुढच्या गावी पोचते.

दुसरं, लसीचं. पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या राणीखेतच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, महिन्याने पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही दुसरी लस पंखाखाली टोचून, एवढं माहीत आहे. पण दुकानात सर्वांत छोटी कुपी शंभर डोसांची. घरटी कोंबड्या पंधरा-वीस. पातळ केलेली लस तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली वाया. त्यामुळे कुणीच आणत नाही. आर-टू-बीची लस कुमाऊंतल्या मुक्तेश्वरच्या संस्थेत १९४० च्या दशकातच तयार झाली. इतकी जुनी, इतकी स्वस्त, तरी केवळ कुपीच्या आकारापायी दर वर्षी बायकांच्या हातातले अंड्यांचे पैसे जातात, याचा फार त्रास होतो.

उरलेल्यांना आता लस द्यावी का? नवी पिल्लं कधी आणावीत? आणि कुणाच्या गावात सगळ्यांनी मिळून लस आणली असेल तर कसं जमवलं, ते कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, आधी १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनवर फोन करा, नाहीतर पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना गाठा. मान वाकडी होणं राणीखेतमध्ये दिसतं, पण बर्ड फ्लूमध्येही दिसू शकतं. नुसतं बघून कुणी ठरवू नये. तुरे आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) निळे-जांभळे पडलेत, तोंड सुजलंय, धडधाकट पक्षी अचानक मरतायत, असं असेल तर मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू नका, सोलू तर नकाच. नमुना दवाखान्यामार्फत पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातो. शेजाऱ्यांना सांगा, बर्ड फ्लूची प्रयोगशाळेत खात्री झाल्यावरच पक्षी नष्ट करतात आणि त्याची भरपाई मिळते. राणीखेतसाठी तशी मोहीम निघत नाही.

विषाणूवर औषध नाही. प्रतिजैविकं दिली तरी ती फक्त मागून येणाऱ्या जिवाणूंसाठी. त्या तलंगेला जवळ पाणी-दाणा ठेवा. जगली तरी मान तशीच राहू शकते. तिचं काम शेवटी करा आणि मग हातपाय साबणाने धुवा.

लस फक्त निरोगी पक्ष्यांना. आजार अंगात मुरत असलेली कोंबडी लसीनंतरही मरते, मग लोक लसीला दोष देतात आणि पुढच्या वर्षी कुणी पुढे येत नाही. तुमच्या उरलेल्यांचं डॉक्टरांनीच ठरवावं. पण वाडीच्या ज्या टोकाला मर पोचली नाही तिथे लवकर हालचाल करा. टोचणारा माणूस आधी त्या घरांत जावा, आजारी घरात शेवटी, कारण चपलांनाही विष्ठा चिकटून येते.

आमच्याकडे बचत गटाने कुपी आणली. आदल्या संध्याकाळी प्रत्येकीने आपल्या कोंबड्या मोजून आकडा सांगितला. पहाटे खुराडी उघडायच्या आधी सुरुवात केली, कारण कोंबड्या एकदा बाहेर पडल्या की हाती लागत नाहीत. आर-टू-बीची शंभरची कुपी म्हणजे ५० मिली, प्रत्येक कोंबडीला अर्धा मिली. आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना ती नको, त्यांना लासोटा. कुपी सतत बर्फात आणि सावलीत.

मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकू नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल. खुराड्यातली माती खरवडून पुरा, चुना मारा, ऊन लागू द्या. नवी पिल्लं शेवटच्या मरीनंतर महिना-दीड महिना तरी नकोत.

धागाकर्ती

मनापासून आभार. १९६२ वर फोन केला, उद्या डॉक्टर येणार आहेत. वरच्या टोकाची सात घरं तयार झाली, मिळून शंभराच्या आसपास कोंबड्या होतात. आता एकच अडचण: दुकान तालुक्याला, एसटीने दीड तास. बर्फ घालून थर्मासमध्ये कुपी आणली तर चालेल का, की लसीचा वेगळा डबाच लागतो?