पद्मिनी सिग्नलला तापते, रेडिएटर बदलू का?

गिरगावकर: बाबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे, चालत असताना काटा नीट असतो पण दादरच्या ट्रॅफिकमध्ये अडकली की चढतोच आणि कॅपमधून पाणी उडतं. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाक, रेडिएटर ॲल्युमिनियमचा टाक. मला मूळचा पितळीच ठेवायचाय.

जुनं_इंजिन: अजिबात बदलू नका! उभ्या गाडीत तापतेय म्हणजे बहुतेक हवा कमी पडतेय, पंखा बेल्टवर फिरतो ना, आयडलला इंजिन हळू तर पंखाही हळू, त्यात बेल्ट सैल असेल तर संपलंच. अंगठ्याने दाबा, साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. रेडिएटरच्या जाळीतली धूळ इंजिनच्या बाजूने पाणी मारून काढा, जोरात मारलं तर फिन्स, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्या, आडव्या होतात. कॅपचं रबर कडक झालंय का तेही बघा, दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळतं. आणि गरम असताना कॅप उघडायची नाही म्हणजे नाही.

कुर्ला_स्पेअर: +१. थर्मोस्टॅट काढू नका, इंजिन थंडच राहतं आणि पेट्रोल जास्त खातं. पातेल्यात पाण्यात बुडवून गॅसवर ठेवा, त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडला तर चांगलाय. एवढं करूनही तापली तर रेडिएटरच्या आत गाळ असणार, मग रॉडिंग, म्हणजे डाग (सोल्डरचा जोड) सोडवून रेडिएटरची टाकी काढतात, नळ्यांतून पातळ सळई फिरवतात, परत डाग देतात. हे पितळी रेडिएटरलाच जमतं, म्हणून तो जपा. नंतर बोअरचं पाणी भरू नका, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच.